वाट कुणासाठी? : धाराशिवच्या रस्त्यांचा मागोवा

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव येथे भरले. त्या वेळी शहराचे नाव उस्मानाबाद होते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले ते नाव जाऊन २०२३ मध्ये जुने नाव अधिकृतपणे परत आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्यामुळे मराठवाड्याच्या कडेला असलेला हा जिल्हा आपल्या समाजातील अनेक घरांत प्रथमच जिव्हाळ्याने बोलला गेला. तोवर आपल्यापैकी बहुतेकांना तो दोनच कारणांनी ठाऊक होता : एक तुळजापूरची भवानी आणि दुसरे १९९३ चा भूकंप.

संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबा काकांचे नाव दिले होते. तेर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर. याच जिल्ह्यात नळदुर्गचा पाणीमहाल आहे, परंड्याचा भुईकोट आहे, शहरालगतच्या डोंगरात कोरलेली धाराशिवची लेणी आहेत, येडशीजवळ रामलिंगचा वनघाट आहे. एवढे असूनही प्रवासी येथे फारसा थांबत नाही, असे का, हा प्रश्न स्थानिक मंडळी वर्षानुवर्षे विचारीत आली आहेत. त्याचे ठरलेले उत्तर असे, की रस्ते नाहीत. सरकारने पैसा द्यावा, रमणीय रस्ते करावेत, म्हणजे पर्यटक येतील आणि त्यांच्यामागून समृद्धी येईल.

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, असे आम्हांला वाटते. या जिल्ह्यात रस्त्यांचा इतिहास फार जुना आहे, आणि प्रत्येक काळात रस्ता कुणासाठी झाला व कुणाच्या श्रमातून झाला, ही दोन उत्तरे क्वचितच एक झाली आहेत. सार्वजनिक पैशातून पर्यटकांसाठी रस्ते करावेत की नाही, हे ठरविण्यापूर्वी तो इतिहास एकदा नजरेखालून घालणे उपयोगाचे ठरेल.

रस्ता नसतानाचा व्यापार

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत भडोच बंदराच्या मागील मुलखाचे वर्णन करताना लेखकाने दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा उल्लेख केला आहे. पहिली पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. तगरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचला जात असे. हा माल रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांनी नेला जातो, असेही तो आवर्जून नोंदवितो.

तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी साधार मांडले आणि पुढील उत्खननांनी त्याला बळकटी दिली. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखविते. गावचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या; त्या संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात चैत्यगृहाच्या घडणीचे आहे, हे पाहण्यासाठी अभ्यासक दूरदूरहून येतात.

यातून एक गोष्ट लक्षात येते. तेरला जग येत होते ते रस्ता चांगला होता म्हणून नव्हे. तेरजवळ जगाला हवे असलेले काही होते, म्हणून बैलगाड्यांनी वाट पाडली. कापूस होता, विणकर होते, रंगारी होते. आधी गावाचे कसब आणि मग त्याच्या मागोमाग वाट, असा तो क्रम होता. आजच्या योजनांत तो बहुधा उलटा केलेला असतो.

तोफेची वाट आणि सैन्याची वाट

बहामनी व आदिलशाही काळात या भूभागाचे महत्त्व सरहद्दीचे होते. परंडा आणि नळदुर्ग ही त्या सरहद्दीची कुलुपे. विजापूरच्या तटावर आज दिसणारी ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ त्याआधी परंड्याला होती. सुमारे पंचावन्न टन वजनाचे हे ओझे १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेले गेले. हत्ती, बैल आणि माणसे यांच्या बळावर ते कसे ओढले असेल, याची कल्पना करताना मन थबकते. ज्या रयतेच्या शिवारातून ती तोफ गेली, त्या रयतेच्या वाट्याला त्या वाटेचे काय आले, हे कोणत्याही बखरीत नाही.

नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल बांधला गेला तो १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत. पाऊस भरपूर झाला की पाणी बांधावरून दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर-मादी धबधबे म्हणतात. पाणी डोक्यावरून जात असता आतील दालन कोरडे राहते, ही करामत पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते. पण बोरी नदी प्रत्येक वर्षी तेवढी भरत नाही. दुष्काळी वर्षी धबधबाही नसतो आणि प्रेक्षकही नसतो.

एकोणिसाव्या शतकात, १८५३ च्या तहानंतर काही वर्षे हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीचे कर्ते कर्नल फिलिप मेडोज टेलर त्या वेळी नळदुर्गला राहून कारभार पाहत. १८६० मध्ये तो निजामाकडे परत गेला. पुढे १९४८ साली सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्गला पुन्हा एकदा इतिहासाच्या मध्यभागी आणले. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली ती याच रस्त्याने. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडविण्याआधीच सैन्याने तो शाबूत हस्तगत केला. त्यामुळे रणगाडे जळकोटमार्गे त्याच दिवशी उमरग्यापर्यंत पोहोचले आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने हार मानली. मराठवाड्याची मुक्ती एका शाबूत पुलावरून आली असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. आज त्याच मार्गावरून पुणे-हैदराबाद वाहतूक रात्रंदिवस धावते. त्यांतील बहुतेकांना नळदुर्ग हा चहापुरता थांबा असतो.

यात्रेची वाट

सैन्याच्या आधीपासून आणि सैन्यानंतरही या जिल्ह्यात अखंड चालत आलेली वाट आहे ती यात्रेकरूंची. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची वाट हजारो माणसे पायी तुडवितात. त्या काळात हा मार्ग वाहनांसाठी बंद करून वाहतूक दुसरीकडे वळविली जाते. वर्षभर मोटारींचा असलेला रस्ता त्या दिवसांत पावलांचा होतो. वाटेतील गावे पाणी देतात, फराळ देतात, पाय दाबून देतात. यात्रा करणारा गावाचा पाहुणा असतो. तो पाहायला आलेला नसतो, पोहोचायला निघालेला असतो. आपल्याकडेही वांद्र्याच्या माउंटकडे किंवा गोव्यात जुन्या गोव्याकडे पायी निघालेल्यांना हा फरक सांगावा लागू नये.

यात्रेकरूंची वाहतूक हा धंदा होऊ शकतो हे ओळखले ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. त्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. एका बाजूला ती पंढरपूरला पोहोचली, तर दुसऱ्या बाजूला येडशीवरून १९११ पर्यंत लातूरला. वारीच्या दिवसांत तिचे डबे माणसांनी ओसंडत. एरवी ती धान्य व कापूस वाहत असे. हा दुहेरी उपयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यात्रा वर्षातून मोजके दिवस. शेतमाल मात्र प्रत्येक सुगीला. एकट्या यात्रेवर ती गाडी तगली नसती.

भुकेल्यांनी बांधलेले रस्ते

आता आपण या इतिहासाच्या सर्वांत वेदनादायी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या पानाकडे येतो.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक भाजून गेला, त्यांत त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा होता. लातूर तेव्हा वेगळा झाला नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोल किमतीने विकली गेली, ज्वारीचा दाणा दिसेनासा झाला. परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी दळून खाल्ला. शासनाने गावोगावी दुष्काळी कामे काढली : पाझर तलाव, नाला बंडिंग, आणि मोठ्या प्रमाणावर रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर रोज हजर असणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली. ग्रामीण महाराष्ट्राची वस्ती तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे खेड्यातील दर सात जणांमागे एक माणूस, लहानथोर धरून, सरकारी कामावर होता.

त्यांत मजूर होते तसे सातबारावर नाव असलेले शेतकरीही होते. स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. पोर झाडाच्या सावलीत झोळीत टाकून आई दगडाच्या ढिगापुढे बसे आणि हातोडीने खडी फोडी. मुकादम हजेरीपट भरी, मोजमाप होई, मग आठवड्याने पगार. मुलांना व मजुरांना सुकडी मिळे. तिची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, हे या कामांचे यश जगभरच्या अभ्यासकांनी मान्य केले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच अनुभवातून रुजली. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहराने गावाच्या घामाचे मोल द्यावे, असा तो करार होता. मुंबई-वसईतल्या आपल्या अनेक वडीलधाऱ्यांच्या पगारातून तो कर कापला गेला आहे. म्हणजे या रस्त्यांत आपलाही थोडा पैसा आहे.

मात्र या रस्त्यांचे पुढे काय झाले, ही गोष्ट तितकी समाधानाची नाही. कामाचा हेतू मजुरी देणे हा होता; रस्ता पुरा करणे हा दुय्यम. मातीकाम झाले, मुरूम पडला, खडी अंथरली गेली, आणि पाऊस आल्यावर मजूर शेताकडे परतले. पूल व मोऱ्या यांना सिमेंट लागते, डांबर लागते, यंत्रे लागतात. त्यासाठीचा पैसा मजुरीच्या खात्यात नव्हता. असे कितीतरी रस्ते ओढ्याच्या काठाशी येऊन थांबले. म्हणूनच पुढे रोजगार हमीत रस्त्यांपेक्षा पाण्याच्या आणि मातीच्या कामांना अग्रक्रम द्यावा, असे धोरण पडले. तरीही महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील असंख्य गावांना मोटार प्रथम दिसली ती याच वाटांनी. पुढे त्यांवर डांबर चढले, क्रमांक पडले, पाट्या लागल्या. पाटीवर गावाचे नाव असते, अंतर असते; ज्यांनी खडी फोडली त्यांचा उल्लेख कुठेच नसतो.

बघ्यांची वाट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसे दगावली. सास्तूर आणि भोवतालची गावे ढिगारे झाली. मदत देशभरातून धावली. त्याच वेळी आणखी एक प्रकार घडला : नुसते पाहायला येणाऱ्यांचे लोंढे. या बघ्यांच्या वाहनांनी अरुंद रस्ते अडले आणि मदतीच्या गाड्या मागे खोळंबल्या, अशा तक्रारी त्या दिवसांत झाल्या. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली आणि त्यांच्यासाठी नवे रस्तेही झाले.

पर्यटनाची आणि या प्रसंगाची तुलना करणे कुणाला कठोर वाटेल. सहल करणे हा गुन्हा नव्हे, आणि शिकण्यासाठी, मन मोकळे करण्यासाठी माणसाने देश पाहावाच. पण पाहणारा आणि राहणारा यांच्या गरजा एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या की प्रथम वाट कुणाला, हा प्रश्न त्या दिवसांनी उघडा केला. रस्त्याचे धोरण ठरविताना तो विसरता येत नाही.

पैसा कोणाचा, रस्ता कोणाचा

ब्रिटिश हिंदुस्थानात रस्त्यांसाठी वेगळा निधी असावा असे प्रथम ठामपणे सांगितले ते एका मराठी माणसाने. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर अधिक कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, अशी तिची शिफारस होती, आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे १९४३ च्या नागपूर योजनेत रस्त्यांची प्रतवारी ठरली. तिचाच वारसा आज चालतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे.

ही उतरंड पैशाचीही आहे. वरच्या पायरीवर निधी मुबलक, तर तळाच्या पायरीवर खड्डे बुजविण्यापुरताही अपुरा. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि २०१५ पासूनच्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने तळाची पायरी काहीशी सावरली, हे नमूद केले पाहिजे. पर्यटनाचा पैसा या उतरंडीबाहेरून येतो. प्रादेशिक पर्यटन विकास योजना, तीर्थक्षेत्रांचे आराखडे, ‘ब’ वर्ग आणि ‘क’ वर्ग दर्जा यांच्या मार्गाने तो येतो. ‘क’ वर्गाचा निर्णय जिल्हा नियोजन समितीच्या हाती असतो. गावाला रस्ता हवा तर लोकसंख्येची अट. देवस्थानाला किंवा किल्ल्याला रस्ता हवा तर दर्जाची अट. म्हणूनच अनेक ग्रामपंचायती आपल्या देवळाला ‘क’ वर्ग मिळावा म्हणून खेटे घालतात. त्यांना पर्यटक हवा असतोच असे नाही. त्यांना पावसाळ्यात एस.टी. यायला हवी असते. पर्यटन हे पुष्कळदा रस्ता मिळविण्याचे निमित्त असते, आणि त्यात त्यांची चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तुळजाभवानी मंदिर परिसराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. जून २०२५ मध्ये वर्ध्याच्या पवनारपासून सिंधुदुर्गातील पत्रादेवीपर्यंतच्या ८०२ किलोमीटर लांबीच्या शक्तिपीठ महामार्गासाठी, भूसंपादन व आनुषंगिक बाबींकरिता, २०,७८७ कोटींची तरतूद मान्य झाली. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही शक्तिपीठे आणि इतर तीर्थे जोडणाऱ्या या महामार्गाचा एकूण खर्च सुमारे ८६,३०० कोटी अपेक्षित धरला गेला. आखणी धाराशिव जिल्ह्यातून होती. मराठवाड्याचा मागासलेपणा दूर होईल, नागपूर-गोवा प्रवासाचे तास निम्म्यावर येतील, उद्योग येतील, ही शासनाची बाजू. बागायती आणि काळी कसदार जमीन जाईल, समांतर महामार्ग आधीच आहेत, आणि प्रवेश-नियंत्रित मार्गावर आमची बैलगाडी व ट्रॅक्टर चढणारच नाही, ही विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांची बाजू. कोल्हापूरपुरती अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाली. आखणीतील बदलांची चर्चा त्यानंतरही चालू राहिली.

या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु धाराशिव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यातून जाणारा रस्ता जिल्ह्यासाठी आहे की केवळ जिल्ह्यातून जाण्यासाठी, हे विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येक करदात्याला आहे.

बाहेरच्या दोन वाटा

हा प्रश्न एकट्या धाराशिवचा नाही. जगातील दोन उदाहरणे येथे उद्‌बोधक ठरतील.

पहिले अमेरिकेचे. १९३० च्या महामंदीत बेकार झालेल्यांना काम देण्यासाठी तेथील शासनाने ॲपलाचियन डोंगररांगांतून केवळ निसर्ग पाहण्यासाठीचा एक रस्ता हाती घेतला : ब्लू रिज पार्कवे. १९३५ मध्ये सुरू झालेले हे ४६९ मैलांचे काम १९८७ मध्ये पुरे झाले. आपल्या १९७२ शी त्याचे साम्य स्पष्ट आहे. भुकेच्या काळात सरकारने रस्त्यातून मजुरी दिली. फरकही तितकाच स्पष्ट आहे. आपले रस्ते गावाला जोडण्यासाठी निघाले आणि अपुरे राहिले. त्यांचा रस्ता अतिशय सुंदर झाला, परंतु त्यावर मालवाहू वाहनांना बंदी आली. डोंगरातल्या ज्या शेतकऱ्यांची जमीन त्यात गेली, त्यांना आपला माल घेऊन त्याच रस्त्याने जाता येईना. त्याची कटुता तेथे दीर्घकाळ राहिली.

दुसरे आयर्लंडचे. ज्या देशाने आपल्या अनेक शाळांना व धर्मग्रामांना मिशनरी दिले, त्याचा पश्चिम किनारा दीर्घकाळ दारिद्र्याचा व स्थलांतराचा होता. २०१४ मध्ये तेथे ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या नावाने सुमारे अडीच हजार किलोमीटरचा पर्यटनमार्ग जाहीर झाला. त्यासाठी नवा महामार्ग बांधला नाही. गावोगावचे आहेत तेच रस्ते जोडले, सर्वत्र एकसारख्या खुणेच्या पाट्या लावल्या, समुद्र दिसेल अशा ठिकाणी गाडी थांबवायला जागा केली आणि त्या जागेची माहिती लिहिली. प्रवासी गावातून जातो. म्हणून गावच्या खानावळीत जेवतो, गावच्या घरी राहतो.

आपल्या कोकणातही रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. खाड्यांवरील पुलांअभावी ती दशकानुदशके तुटक राहिली. पण जेथे जेथे तुकडे झाले, तेथे पर्यटकाच्या आधी मच्छीविक्रेतीची आणि शाळकरी मुलाची सोय झाली, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पाहिले आहे.

तर मग काय करावे?

धाराशिवसाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. तेर, धाराशिवची लेणी, तुळजापूर, नळदुर्ग ही ठिकाणे जवळजवळ एका माळेत आहेत. पश्चिमेला परंडा, उत्तरेला येडशी-रामलिंग. त्यांना जोडणारे जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग आज अस्तित्वात आहेत. पर्यटनाच्या नावाने मिळणारा पैसा प्रथम या तळाच्या पायरीवर खर्च व्हावा : ओढ्यावरच्या मोऱ्या, साइडपट्ट्या, वळणावरचे कठडे, एस.टी.चे निवारे, स्वच्छ स्वच्छतागृहे, आणि कडेची चिंच, वड, लिंबाची झाडे. रुंदीकरणात जुनी झाडे तोडून मग रस्ता रमणीय करण्यासाठी शोभेची रोपे लावणे, हा विनोद महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिला आहे. दुरुस्तीचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असावा, नाहीतर १९७२ ची गत पुन्हा होते. आणि भूम-वाशीकडचा खवा, उस्मानाबादी शेळीचे संगोपन, तेरचे संग्रहालय यांना त्या रस्त्यावर जागा हवी. दोन हजार वर्षांपूर्वी तगरला जग आले ते तगरच्या मलमलीसाठी.

नळदुर्ग किल्ला २०१४ मध्ये शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली दहा वर्षांसाठी सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे देण्यात आला, तेव्हा स्वच्छता झाली, बागा झाल्या, तिकीट आले, गर्दी वाढली. किल्ला अशा रीतीने चालविता येतो. परंतु किल्ल्यापर्यंतची वाट खासगी होऊ शकत नाही; ती सर्वांच्या पैशाची असते आणि म्हणून सर्वांची असली पाहिजे. रस्त्याची खरी परीक्षा सहलीच्या रविवारी होत नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी, रात्री दोन वाजता, बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप त्यावरून उमरग्याच्या किंवा तुळजापूरच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचते की नाही, यावर ती होते. जो रस्ता या परीक्षेला उतरतो, तो पर्यटकालाही पुरतो. उलट मात्र नेहमी घडत नाही.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. तिला खर्च फारसा नाही. जिल्ह्यातील ज्या रस्त्यांचा जन्म १९७२-७३ च्या दुष्काळी कामात झाला, त्यांची यादी जिल्हा परिषदेच्या जुन्या कागदांतून आणि गावांच्या स्मरणातून तयार करता येईल. त्या कामावर तरुणपणी गेलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फार काळ ती आपल्यात असणार नाहीत. अशा प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक साधा दगड बसवावा आणि त्यावर लिहावे, की ही वाट दुष्काळात या गावांच्या स्त्री-पुरुषांनी खडी फोडून केली. इब्राहिम आदिलशहाचा शिलालेख पाणीमहालावर आहे, आणि तो असावाच. पण मोटारीतून उतरून नळदुर्गचा धबधबा पाहायला निघालेल्या प्रवाशाने तो शिलालेख वाचण्यापूर्वी हा दगड वाचला, तर त्याला धाराशिव जिल्हा अधिक नीट दिसेल.